कर्ज मी फेडलं, साक्ष त्याने दिली

(सोलापूरहून आलेल्या पत्राचा सारांश. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

लेखिकेचं वय ५४, लग्न केलेलं नाही, कुटुंब तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. वडील लवकर गेले. आईच्या दोन खोल्यांत राहून त्या टॉवेलांच्या कडा शिवून देतात, मजुरी नगावर. धाकटा भाऊ गल्लीत भिशी चालवायचा. २० माणसं, महिन्याला प्रत्येकी २,००० रुपये. शेवटच्या चार महिन्यांची भिशी त्याने गोळा केली, पण कुणाला दिलीच नाही. दारूत आणि मटक्यात घालवली आणि एका रात्री निघून गेला. मागे १ लाख ६० हजारांचं देणं राहिलं. आईने बोरमाळ मोडून ४० हजार दिले. उरलेले १ लाख २० हजार लेखिकेने सहा वर्षांत फेडले. आई आता नाही. नऊ वर्षांनी भाऊ भिवंडीहून परतला आहे, दोन वर्षांपासून दारू बंद आहे. ईस्टरच्या उपासनेत त्याने साक्ष दिली, "माझं सगळं कर्ज प्रभूने वधस्तंभावर फेडलं." मंडळी रडली. लेखिका तिसऱ्या बाकावर बसल्या होत्या. "कर्ज तर मी फेडलं," असं त्या लिहितात. तेव्हापासून प्रभुभोजनाचं तबक समोर आलं की त्या ते तसंच पुढे सरकवतात. पाळकसाहेब म्हणाले, "उधळ्या पुत्राच्या थोरल्या भावासारखं करू नका." भावाला आता घरी राहायला यायचं आहे. त्यांचे प्रश्न असे: देवाने माफ केलं, मला कुणी विचारलं का? मला माफ करता येत नाही, हे माझं पाप आहे का? स्वभावाला औषध नसतं म्हणतात, मग त्याला घरात घ्यावं का?

अक्का, सलाम.

पत्राखाली तुम्ही नाव घातलेलं नाही, नुसतं 'एक अक्का' लिहिलंय, म्हणून मीही अक्काच म्हणते. वयाने मी तुमच्याहून तेरा वर्षं मोठी, पण सोलापुरात अक्का म्हणायला वय आडवं येत नाही.

"कर्ज तर मी फेडलं" हे वाचून मला आधी हसू फुटलं. रागावू नका. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा नाही आलं. तुम्ही पत्रासोबत वहीच्या एका पानाचा फोटो पाठवलाय. डावीकडे नावं, उजवीकडे रकमा, कुठे ३००, कुठे १५०, आणि एखाद्याचं पुरतं फिटलं की त्या नावावर निळ्या पेनाने पट्टी धरून मारलेली रेघ. एका नावापुढे '५० राहिले' असं लिहिलंय. त्या पन्नास रुपयांपाशी मी बराच वेळ थांबले.

हे सदर वाचणारे बहुतेकजण ख्रिस्ती नाहीत, त्यांच्यासाठी थोडं सांगते. देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते माणूस चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून सांगतो, त्याला आम्ही साक्ष म्हणतो. मंडळी म्हणजे त्या चर्चची सगळी माणसं, आणि पाळक म्हणजे त्यांचे धर्मगुरू. प्रभुभोजन म्हणजे भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट. येशूला पकडलं त्या रात्री तो शिष्यांबरोबर शेवटचं जेवला, त्याची ती आठवण. पुष्कळ चर्चमध्ये ते महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं.

तर देवाने तुम्हाला विचारलं का? नाही विचारलं. आणि आपल्या शिकवणीप्रमाणे त्याला विचारावं लागतही नाही. हे कडू आहे, पण साखर घालून सांगितलं असतं तर तुम्ही लगेच ओळखलं असतं. येशूचा प्रेषित पौल याने रोमच्या मंडळीला लिहिलंय की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. सुधारेपर्यंत थांबला नाही, हप्ते फिटायची वाट बघितली नाही. त्या काळच्या धर्मनिष्ठ माणसांची येशूबद्दल तक्रार हीच होती की हा पाप्यांना जवळ करतो आणि त्यांच्या पंगतीला बसतो. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे तिथे 'पतितपावन' या शब्दाचा अर्थ कुणाला समजावून द्यावा लागत नाही, त्यामुळे माझ्या हिंदू वाचकांनाही हे परकं वाटणार नाही. पतिताला पदरात घेणं हेच ज्याचं काम, त्याने तुमच्या भावाला पदरात घेतलं असेल तर घेतलं. त्या कागदावर तुमची सही लागत नव्हती.

पण देवाने जे माफ केलं ते देवाकडचं. भिशीची वही देवाच्या कपाटात नव्हती, तुमच्या शिलाई मशीनच्या खणात होती. तिच्यावर परस्पर 'पावले' लिहायचा हक्क साक्ष देणाऱ्याला नाही, ऐकून रडणाऱ्यांना नाही आणि पाळकसाहेबांनाही नाही. येशूनेच डोंगरावर सांगितलंय ना, वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात आपल्याबद्दल काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग ये. तुमचा भाऊ वेदीपाशी पोचला, अर्पणही केलं. तिसऱ्या बाकापर्यंत यायचं तेवढं राहून गेलं.

जक्कयाची गोष्ट मी रविवारच्या शाळेत वर्षानुवर्षं शिकवली. मुलांना त्यातलं उंबराचं झाडच आवडायचं, बुटका जकातदार येशूला बघायला वर चढला ते. मीही बरीच वर्षं झाडापाशीच अडकले होते. पण त्या गोष्टीतला क्रम बघा. येशू आधी म्हणतो, लवकर खाली उतर, आज मला तुझ्या घरी राहायचंय. तोवर जक्कयाने कुणाला दमडी परत केलेली नाही. बाहेर लोक कुरकुरतायत, पाप्याच्या घरी उतरला म्हणून. आणि मग जक्कय उभा राहून बोलतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करतो. येशूने त्याच्याकडे हिशेब मागितल्याचं कुठे लिहिलेलं नाही. माणूस घरात आला आणि वही आपोआप उघडली. बायबलच्या जुन्या करारात, मोशेच्या नियमशास्त्रात, तर सरळ आकडाच दिलाय: कुणाला फसवून घेतलेलं कबूल केलं की मुद्दल द्यायची, वर तिचा पाचवा भाग, आणि ज्याचं बुडवलं त्याच्याच हातात. म्हणजे तुमच्या बाबतीत १ लाख ६० हजारांवर ३२ हजार. हे ३२ हजार मागा असं मी म्हणत नाही, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारी सावकारी करायला लागली. मात्र परतफेडीची गोष्ट काढणं म्हणजे कृपेवर अविश्वास, असं कुणी तुम्हाला ऐकवलं तर जक्कयाचं नाव सांगा.

म्हणून तुमच्या भावाला मी ढोंगी म्हणणार नाही. त्याची साक्ष खोटी नव्हती, अर्धी होती. आणि अर्धी का राहिली याचाही मला थोडा अंदाज आहे. देवापुढे रडणं सोपं असतं. अक्कापुढे रडायचं तर तिच्या बोटांवरची सुईची भोकं दिसतात.

आमच्या लहानपणी, गिरण्यांचे भोंगे ऐकून लोक घड्याळ लावायचे त्या काळात, आमच्या चर्चमध्ये एक माणूस तुरुंगातून सुटून आला. गल्लीतल्याच कुणाची सायकल चोरून विकली होती, आणखीही काही होतं. उपासना सुरू झालेली. तो दारात चपलांपाशी बसला. माझ्या आईने मागे वळूनही बघितलं नाही, पण मला कोपर मारलं, "सरक." मी सरकले. मग तिने बाकावर हाताने दोनदा थापटलं, धूळ झटकावी तसं. तो येऊन बसला. त्याच्या अंगाला लाइफबॉयचा वास येत होता, सकाळी घासून घासून आंघोळ केली असणार. गाण्याचं पुस्तक आईने त्याच्यापुढे धरलं. उपासना संपली, शेवटचं आमेन झालं, आणि पायऱ्या उतरता उतरता आई त्याला म्हणाली, "सायकलचं काय करणार आहेस?" तितक्याच साध्या आवाजात. तो म्हणाला, "बघतो मावशी." आई म्हणाली, "बघू नको. सांग." पुढे त्या सायकलचं काय झालं ते मला माहीत नाही, मी नऊ वर्षांची होते. पण बाकावर थापटणारा हात आणि सायकलचा प्रश्न विचारणारं तोंड एकाच बाईचं होतं, आणि तिला त्यात काही विसंगत वाटलं नव्हतं.

आता थोरल्या भावाचं बघू, कारण पाळकसाहेबांचं ते वाक्य तुम्हाला फार लागलंय, आणि मला वाटतं ते त्यांनी गडबडीत म्हटलं. बायबलमधल्या लूकच्या पुस्तकातल्या त्या गोष्टीत धाकटा बापाकडून आपला वाटा मागून घेतो, उधळतो आणि रिकाम्या हाताने परत येतो, तेव्हा बाप मेजवानी देतो. थोरल्याचा एक पैसाही तो बुडवत नाही. तुमच्या धाकट्याने बुडवला, म्हणजे इथेच तुलना लंगडी पडते. शिवाय त्या गोष्टीत मला कायम खटकणारी एक जागा आहे. बापाने सुरुवातीलाच मालमत्ता दोघांत वाटून दिली होती. धाकट्याचं संपलं. मग पोसलेलं वासरू कापलं ते कुणाच्या वाट्यातलं? आणि थोरला शेतात राबतोय, घरी वाजतगाजत मेजवानी चाललीय, त्याला बोलवायला कुणी गेलंच नाही. घराजवळ आल्यावर गाणं ऐकू आलं म्हणून त्याने चाकराला विचारलं, तेव्हा त्याला कळलं. अक्का, तुमच्या भावाची साक्ष होणार हे मंडळीत सगळ्यांना आठवडाभर आधी ठाऊक होतं आणि तुम्हाला तिसऱ्या बाकावर बसल्यावर कळलं, असं तुम्ही लिहिलंय. तेव्हा थोरल्याच्या रागाला मी तरी नावं ठेवणार नाही.

पण गोष्ट तिथे थांबत नाही. बाप बाहेर येतो. धाकटा दिसला तेव्हा धावत गेला होता, थोरल्यासाठी मेजवानी सोडून अंगणात आला. रागावत नाही, विनवणी करतो. थोरला म्हणतो, "हा तुमचा मुलगा." बाप म्हणतो, "हा तुझा भाऊ." मग थोरला आत गेला का? लूकने लिहिलेलंच नाही. गोष्ट अंगणातच सोडून दिलीय. म्हणून तुम्ही आज अंगणात उभ्या असाल तर ती जागा शास्त्राबाहेरची नाही, आणि तिथे तुम्ही एकट्याही नाही आहात.

तरीही तुमच्या दोन-तीन गोष्टींवर मला बोलायचंय.

पत्राच्या दुसऱ्या पानावर तुमच्या सेवेची यादी आहे. तीस वर्षं वेदीवरची फुलं, नाताळच्या करंज्या, महिला मंडळाचा हिशेब, पावसाळ्यात गळणाऱ्या छपराखाली ठेवलेल्या बादल्या. यादी खरी असणार. पण ती तुम्ही देवाला दाखवताय, जणू पासबुकात जमा दिसतेय आणि व्याज भलत्याच्या खात्यात गेलंय. भावाला मिळालं म्हणून तुमचं काही कमी झालं, हे रेशनच्या दुकानात खरं असतं, तिथे साखर संपते. मला तर वाटतं ती यादी देवासाठी नव्हतीच. ती मंडळीला दाखवायची होती. नऊ वर्षांत एकाही माणसाने तुम्हाला उभं करून "अक्काने काय केलं ते बघा" म्हटलं नाही. तो राग माणसांवरचा आहे. देवाच्या नावावर तो उगीच लिहिला गेलाय.

तिसऱ्या पानावर एक ओळ तुम्ही खोडलीय. पेन दाबून लिहिलं होतं, त्यामुळे कागद उजेडात धरला तर वाचता येते. "तो पुन्हा प्यायला लागला तर बरं, लोकांना कळेल तरी." मी ती वाचली आणि तुमच्याबद्दलचं माझं मत बदललं नाही. उलट पाठोपाठ तुम्ही 'माझं पाप' असं का लिहिलंत ते समजलं. माफ करता न येणं याला मी पाप म्हणणार नाही. जखम उघडी असताना माफी ओढून आणली तर ती आत सडते. पण भावाने पडावं अशी वाट बघणं तुमचं तुम्हालाच पोखरेल. ते देवाला सांगा, मलाही सांगितलंत ते बरं झालं. पाप्यांचं स्वागत म्हणतात त्यात ही ओळ लिहिणाऱ्या बाईलाही जागा आहे, ओळ न खोडता.

आणि 'स्वभावाला औषध नाही' हे. आपल्या गावात तरी हे जपून बोलावं. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने कित्येक जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. सोलापुरात त्यांची वसाहत होती, तारेच्या कुंपणातली. हजेरी देऊन गिरणीत जायचं, परत येऊन हजेरी द्यायची. पाळण्यातलं पोरही त्या शिक्क्यात आलं. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तार गेली, 'सेटलमेंट' हे नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिलं, आणि त्या नावाबरोबरची नजरही. तुमच्या भावाने केलं ते त्याने केलं, रक्ताने केलं नाही. दोन वर्षं दारूला शिवला नसेल तर तो त्याच्या स्वभावाशी रोज कुस्ती खेळतोय. जिंकेलच याची खात्री मी देत नाही.

प्रभुभोजनाचं एक सांगते, कारण असं तबक पुढे सरकवणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. 'अयोग्य रीतीने खाऊ-पिऊ नका' ही पौलाची ताकीद आपण लहानपणापासून ऐकतो आणि तिचा अर्थ 'अयोग्य माणसाने घेऊ नये' असा लावतो. पौलाने ती करिंथच्या मंडळीला लिहिली होती. तिथे सुखवस्तू लोक आधी येऊन खाऊन-पिऊन घ्यायचे आणि गरिबांच्या वाट्याला काही उरायचं नाही. पौल त्यावर भडकलाय. एकमेकांसाठी थांबा, म्हणतो. म्हणजे ती ताकीद दुसऱ्याला वगळून जेवणाऱ्यांना होती. वगळलेल्या माणसाने आपणहून ताट सरकवावं असं तिथे कुठे नाही. घ्यावं की नाही ते तुमच्या मनाने ठरवा, मी जबरदस्ती करणार नाही. फक्त शिक्षा म्हणून उपाशी राहत असाल तर ती शिक्षा तुम्हाला कुणी ठोठावलेली नाही.

राहता राहिलं घर. इथे मी व्यवहाराचंच बोलणार.

भावाचं बाकावर स्वागत करणं आणि त्याला घराची किल्ली देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं लगेच होऊ शकतं. दुसऱ्याला वेळ लागतो, आणि तो वेळ घ्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण कायदा आधी माहीत करून घ्या. घर आईच्या नावावर असेल, तिने मृत्युपत्र केलं नसेल आणि वारस तुम्ही दोघंच असाल, तर ख्रिस्ती कुटुंबाला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो आणि मुलगा-मुलगी दोघांचा हिस्सा सारखा असतो. कृपा झाली म्हणून हिस्सा मिळत नाही आणि पाप केलं म्हणून बुडतही नाही. तेव्हा त्याला हुसकून लावणं तुमच्या हातात नसेलही. त्याच वेळी, उपासनेनंतर सगळे भावुक झालेले असताना कुणी हक्कसोडपत्राचा कागद पुढे केला तर सही करू नका, आणि त्याच्याकडूनही तशी घेऊ नका. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे बाईला वकिलाचा सल्ला मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आधी तिथे जाऊन या.

दुसरं, त्याला डोक्यावर छप्पर हवंय हे खरं, पण ते तुमचंच का? पुण्याच्या गाडीने जाताना दौंडच्या पुढे केडगाव लागतं, तुम्ही पाहिलं असेल. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो बायका-मुली आणून तिथे मुक्ती सदन उभं केलं. समाजाने 'पतित' म्हणून हाकललेल्या बायकांसाठी त्यांनी तिथे वेगळं घर काढलं आणि त्याला नाव दिलं कृपासदन. मला त्यातला 'सदन' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. भिंती, चूल, दाणागोटा, कामाच्या वेळा आणि त्यासाठी गोळा केलेला पैसा. एकट्या बहिणीच्या दोन खोल्यांत सोडून देऊन रमाबाईंनी गाणं म्हटलं नाही.

म्हणून पाळकसाहेबांना हे पत्र खुशाल दाखवा. ईस्टरला जे रडले त्यांनी मिळून सहा महिने एका खोलीचं भाडं भरावं. त्याला एमआयडीसीत नाहीतर कुठल्या कारखान्यात कामाला चिकटवावं. त्याला फुकट मिळालंय, पण फुकट मिळणाऱ्या प्रत्येक गोष्टीची किंमत कुठेतरी कुणीतरी मोजलेली असते, आणि या घरात ती नऊ वर्षं एकाच बाईने मोजलीय. आता दुसऱ्या कुणीतरी पाकीट उघडावं. मंडळी नाही म्हणाली तर त्या रडण्याचं मोल काय होतं ते तरी तुम्हाला कळेल.

भावाशी बोलायचंय, हे टळणार नाही. घरी नको, चर्चमध्येही नको, तिथे लगेच प्रार्थना सुरू होते आणि मूळ विषय राहून जातो. पाळकसाहेब किंवा तुमच्या विश्वासातली एखादी वयस्कर बाई, असं एकच तिसरं माणूस बरोबर असू द्या. वही न्या. तुम्ही बोलू नका, त्याला मोठ्याने नावं वाचू द्या, रकमांसकट. 'मला माफ कर' एवढ्यावर त्याला सुटू देऊ नका आणि तुम्हीही 'जाऊ दे' म्हणून मोकळ्या होऊ नका, आपल्या बायकांना ती खोड असते. महिन्याला किती देणार ते विचारा. हजारच म्हणाला तरी चालेल, पण तारीख ठरवा. तो अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू बघणाऱ्यांच्या गटाच्या, बैठकांना जात असेल तर त्याला हे नवीन नाही. त्यांच्या बारा पायऱ्यांतली आठवी म्हणजे ज्यांना दुखावलं त्यांची यादी करायची, आणि नववी म्हणजे आणखी नुकसान होणार नसेल तिथे जाऊन भरपाई करायची. त्याची आठवी पायरी तुम्ही आधीच लिहून ठेवलीय. भिशीतल्या माणसांना पैसे मिळाले, पण तोंड दाखवून 'चुकलो' म्हणायला त्यांच्या दारात अजून कुणी गेलेलं नाही. तिथे त्याने एकट्याने जावं.

चर्चमध्ये त्याने पुन्हा उभं राहून तुमचं नाव घ्यावं, अशी मागणी करावी का, यावर माझं मत दोनदा बदललं. आधी वाटलं, हक्काने मागा. मग वाटलं, मागून मिळालेली साक्ष तुम्हालाच बेचव लागेल. आता मला वाटतं, त्याला सांगू नका, पाळकसाहेबांना सांगा. 'थोरल्या भावासारखं' हे त्यांनी तुम्हाला ऐकवलं, तेव्हा वहीची एक झेरॉक्स त्यांच्या हातात पडायला हरकत नाही. पुढच्या प्रवचनात काय बोलायचं ते त्यांचं त्यांना सुचेल.

अशीच पत्रं मला इतरही घरांतून येतात, ख्रिस्ती नसलेल्याही. व्यसनातून परतलेला नवरा, पळून जाऊन आलेला मुलगा, 'आता तो माळकरी झालाय' म्हणून जुनं काढू न देणारे सासरचे. त्यांनाही एवढंच सांगते, परत आलेल्याला दारातून हाकलू नका, पण नुकसान ज्याचं झालं त्याच्या वतीने 'विसरून जा' म्हणायचं काम अंगावर घेऊ नका. आणि नुकसान तुमचं झालं असेल तर ते लिहून ठेवा. वही असली की डोक्यात ठेवावं लागत नाही, रात्री झोप लागते.

अक्का, वहीची शेवटची चार पानं कोरी आहेत असं तुम्ही लिहिलंय. तो पहिली रक्कम घेऊन आला की ती तुम्ही लिहू नका. त्याच्यापुढे पेन ठेवा, त्याच्या अक्षरात लिहू द्या, तारखेसकट. आणि ते '५० राहिले' कुणाचे होते, शेवटी दिले का, तेवढं मला कळवा.